सुखदेवभाऊंची थांबण्याची बोटं

समोरचा बोलताना अडखळला की सुखदेवभाऊ पुढचा शब्द हळूच पुरवत. वडशाच्या नाटक मंडळीत तीस वर्षं विंगेत उभं राहून त्यांनी नटांना वाक्यं सांगितली होती. ती सवय चहाच्या टपरीवरही सुटत नसे. माझ्या लग्नात उखाणा घेताना मी अडलो, तेव्हा नवरीचं नाव मागून त्यांनीच सांगितलं. बायको ते अजून विसरलेली नाही.

भाऊंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहील याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही. नाटकांच्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या. म्हणून भाऊंनी एका जुन्या रेकॉर्डरमध्ये पाच नाटकं, सगळ्या भूमिकांसकट, स्वतः बोलून ठेवली. पण त्या फाइली नटांच्या मोबाइलवर वाजेनात.

"तू कंप्यूटरवाला होय ना बे? मंग कर ना काई!" भाऊ मला म्हणाले.

मी कंप्यूटरवाला म्हणजे तहसीलीसमोर बसून दाखल्यांचे अर्ज भरून देणारा. तरी इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट उचलली, म्हणजे नाटकाची नव्हे, कंप्यूटरला हुकूम देणारी. काळ्या खिडकीत चार ओळी टाकल्या की रेकॉर्डरच्याच फोल्डरमधल्या साऱ्या फाइली एमपीथ्री होणार होत्या. त्यात मी माझ्या हुशारीच्या दोन ओळी घुसडल्या: आवाज नसलेला भाग काप, आणि काम झालं की जुनी फाइल पुसून टाक. एंटर दाबून चहाला गेलो.

परत येऊन पाहतो तर पन्नास मिनिटांचा अंक एकतीस मिनिटांचा! मला वाटलं, फॉरमॅट बदलला की भाजीसारखं आटत असेल. फाइल लावली. बाप मेला, सून रडली, इन्स्पेक्टर आला, विनोदी नोकर घसरून पडला, सगळं एका दमात. कोण मेलं नि कोण घसरलं, कळेना. तीनदा कंप्यूटरला शिव्या घातल्या. चौथ्यांदा स्वतःच्या दोन ओळी वाचल्या: भाऊंचे सगळे थांबे कापले गेले होते, नि मूळ फाइलीही पुसल्या गेल्या होत्या.

भाऊंकडे जायचा धीर होईपर्यंत ऑपरेशन झालं होतं नि त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी फाइल ऐकली आणि पाटीवर लिहिलं, "हा मानूस एवढी घाई काऊन करून राह्यला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं, "शब्द तं कोनीबी पाठ करते. कुठी थांबाचं, थे कोन सांगन?"

"भाऊ, मी… मी…" मी अडलो. सवयीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले नाहीत. "चुकलो" हा शब्द मला स्वतःच शोधावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. मी फाइल लावायची. त्यांनी हात वर केला की थांबवायची. मग ते टेबलावर जितकी बोटं आपटत, तितके सेकंद मी तिथं शांतता भरायची. बाप मेल्यावर सून बोलण्याआधी सहा बोटं. मी घाईनं पाचच भरली, तर पाटी डोक्यात बसली. पाच नाटकं अशी दिवाळीपर्यंत पुरली.

मोबाइलवर ऐकून सुनेचं काम पाठ केलेल्या नव्या पोरीची एका दुपारी तालीम होती. बाप मेला. ती गप्प. विसरली बिचारी! वाक्य मला पाठ होतं. विंगेतून सांगायला मी तोंड उघडलं. शेजारून भाऊंचा तळवा माझ्या तोंडावर येऊन बसला. त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर चालली होती.

सहावं बोट पडलं, आणि ती बोलली.

भाऊ जाऊन आता दोन वर्षं झाली. अजूनही कुणी बोलताना थांबलं की माझं तोंड उघडतं. मी आधी बोटं मोजतो.