दत्ताला सुचवलेला कॅमेरा

हे मी बायकोजवळसुद्धा कधी बोललो नाही. आमच्या फोटोग्राफीच्या मंडळात तर नाहीच — तिथं माझ्या शब्दाला मान आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. तरी मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलोय.

मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. फोटो काढायचा नाद जुना. नवा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की ओळखीतली माणसं आधी मला विचारतात. कुठला घेऊ, सेन्सर केवढा हवा, लेन्स कशी बघायची — तास तास बोलतो मी. आवडतं मला ते. कुणाला आवडणार नाही?

दत्ता आमच्या ऑफिसात क्लार्क. कोडोलीचा. रोज एसटीनं यायचा, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. मोबाइलवर फोटो काढायचा. मीच त्याला मंडळात आणलं. मीच — हे आधी सांगून ठेवतो. म्हणजे मी पहिल्यापासूनच वाईट होतो असं तुम्हाला वाटायला नको. की वाटू दे? माहीत नाही.

त्या वर्षी मंडळाच्या प्रदर्शनात माझे सहा फोटो होते, दत्ताचा एकच. गंगावेशीत उभ्या उभ्या धारोष्ण दूध पिणारा एक म्हातारा — मिशीला फेस, आणि त्याच्या खांद्यावरून बघणारी म्हैस. मोबाइलवर काढलेला. लोक त्या फोटोपुढं थांबत होते. पुण्याहून आलेले एक जाणकार पाहुणे त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी मलाच विचारलं, “हे कुणी काढलंय?” त्यांची पाठ माझ्या फोटोंकडं होती.

मी दत्ताचं नाव सांगितलं. हसून सांगितलं. आत काहीतरी आंबट होत गेलं, ते कुणाला दिसलं नाही.

दिवाळीनंतर दत्ता माझ्या टेबलाशी आला. “सर, कॅमेरा घ्यायचा हाय. तुमच्यासारखाच घिऊ काय?”

माझा कॅमेरा खिशात मावणारा, पण आतून तगडा. मोठा सेन्सर, भरपूर उजेड आत घेणारी लेन्स. झूम मात्र बेताचा. अंधाऱ्या खोलीतसुद्धा माणसाचा चेहरा स्वच्छ यायचा. हौशी माणसानं असा छोटा कॅमेरा घ्यायचा तो त्यासाठीच.

मी विचारलं, “कशाचे फोटो काढणार?”

“आमच्या वडलांचं, आप्पांचं,” तो म्हणाला. “आवंदा आमचं गुऱ्हाळ शेवटचं. पुढच्या साली सगळा ऊस कारखान्याला. आप्पांनी चाळीस वर्सं गूळ केला. त्यास्नी काम करताना टिपून ठेवायचं हाय, सर. मोबाइलवर निस्ता काळोख येतोय.”

गुऱ्हाळ मी पाहिलेलं आहे. पत्र्याची काळी पडलेली शेड, वाफेनं भरलेली, उजेड काय तो कढईखालच्या जाळाचा. आणि गूळ करणाऱ्या माणसाचे हात एक क्षण थांबत नाहीत. अशा जागी कुठला कॅमेरा लागतो हे मला माहीत नव्हतं? माझ्याइतकं कोल्हापुरात कुणाला माहीत होतं?

मी म्हणालो, “माझ्यासारखा नको. याला झूम कुठाय? तू लांब झूमवाला घे.”

त्या झूमवाल्याचा सेन्सर नखाएवढा होता. भर उन्हात पन्हाळ्यावरून खालची गावं काढायला छान. अंधारात काहीच कामाचा नाही. किमतीत फारसा फरकसुद्धा नव्हता. मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदारानं दोन्ही काढून ठेवले. दत्तानं माझ्यासारखा हातात घेतला, फिरवून पाहिला, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली — नाही. त्यानं तो खाली ठेवला.

एवढंच असतं तर? एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. चुकीचा सल्ला कुणीही देतं, असं म्हणून झोपलो असतो.

संक्रांत झाली, मग शिमगा, आणि हंगाम संपल्यावर दत्ता कार्ड घेऊन माझ्या घरी आला. चारशेच्या वर फोटो होते. मी ते कॉम्प्युटरवर लावले, आणि — कसं सांगू? मी हादरलो.

आप्पा कढईवर वाकलेले. आप्पा पाण्यात बोटं बुडवून उकळत्या पाकातला थेंब उचलतायत. वाफेतून वर येणारा त्यांचा चेहरा, पलीकडं जाळ. जागा अचूक, क्षण अचूक. असं मी तीस वर्षांत एकदाही पाहू शकलो नव्हतो. आणि एकही फोटो धड नव्हता. चेहऱ्याच्या जागी रंगीत दाणे, हातांच्या जागी पुसल्यासारखे पट्टे. डोळे कुठल्याच फोटोत नाहीत. फोटो होते आणि नव्हते. गुऱ्हाळ तोवर मोडलं होतं, पत्रे उतरवले होते. परत काढायला काही उरलं नव्हतं. आणि तो सबंध हंगाम माझा कॅमेरा याच टेबलाच्या खणात पडून होता. एकदा दिला असता तरी —

दत्ता हळू आवाजात म्हणाला, “हात हालतोय काय माझा, सर?”

ती वेळ होती. “हात नाही रे, कॅमेरा. मी चुकीचा सांगितला.” एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि मी मलाच बोलताना ऐकलं — “हात स्थिर लागतो, दत्ता. सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

हे मी ठरवलं नव्हतं. आतून आयतं बाहेर आलं. माझ्यात असं वाक्य तयार पडलेलं आहे, याचा मला त्या दिवशी बसलेला धक्का अजून उतरलेला नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “बरोबर हाय तुमचं.” कार्ड खिशात घातलं, चहा घेतला, गेला. मंडळात यायचा बंद झाला. मोबाइलवरसुद्धा पुन्हा फोटो काढताना मी त्याला पाहिलं नाही.

पुढच्या श्रावणात आप्पा गेले. बाराव्याला मी कोडोलीला गेलो. पाटावर हार घातलेला फोटो होता — आधार कार्डावरचा, मोठा करून घेतलेला. कडा फुटलेल्या, नजर घाबरलेली. दुसरा धड फोटोच नव्हता म्हणे.

दत्तानं मला हाताला धरून त्याच्या मामांपुढं नेलं. “मामा, हे आमचं सर. ह्यांनी सोता दुकानात येऊन कॅमेरा निवडून दिलता. आमच्याच हातात कला न्हवती, ते काय करतील?”

मामांनी मला हात जोडले. मीही जोडले.

मग पंगत बसली. दत्तानं मला सगळ्यात आधी वाढलं, आणि मी जेवलो.