बागवानमामांचं पथ्य

डायलिसिसचं मशीन सुरू होऊन थोडा वेळ झालाय. त्रिशलाच्या डाव्या हातातून निघालेली लाल नळी मशीनला वळसा घालून पुन्हा त्याच हातात शिरते. एसीचा गारठा आहे, डोळ्यांवर पदर आहे, तरी झोप लागत नाही. पाय स्वस्थ राहत नाहीत. पिंढऱ्यांच्या आत मुंग्या फिरतात म्हणून ती पाय झाडते, आणि पाय झाडले की सिस्टर ओरडते, "काकू, हात हलतोय!"

मिरजेच्या या छोट्या दवाखान्यात ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते. शेजारचा पलंग आज रिकामा आहे. तिथे दस्तगीरमामा झोपायचे. दस्तगीर बागवान, केळ्यांचे व्यापारी. किडन्या गेल्यावर काय खायचं नि काय नाही, हे त्रिशलाला डॉक्टरांपेक्षा जास्त त्यांनीच शिकवलं. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, मग उकडून ते पाणी ओतून द्यायचं. लोणचं-पापड बंद. पाणी मोजून प्यायचं. शहाळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि केळं तर नाहीच. पोटॅशियम वाढतं, काळीज थांबतं. जन्मभर केळी विकलेला माणूस हे हसत हसत सांगायचा. गेल्या महिन्यात, ईदच्या दुसऱ्या दिवशी, मामा झोपेतच गेले.

तेव्हापासून त्रिशलाचं पथ्यावरून मन उडालंय. पर्युषणात नुसत्या उकळलेल्या पाण्यावर दिवस काढलेली ही बाई, आता उभ्या उभ्या तांब्या रिकामा करते आणि मुलाने विचारलं तर खोटं बोलते. मामांनी एवढं सांभाळलं, त्याचं काय झालं? का ईदला त्यांनी गुपचूप काही खाल्लं होतं? हा प्रश्न तिला आतून कुरतडत राहतो. विचारणार कुणाला?

पदरातून उजेड तांबूस दिसतो. मशीनचा आवाज लांब जातो. मग तो कुठेतरी पाणी ठिबकावं तसा ऐकू येतो.

"हात हलवू नको गं. सुई निघंल."

मामा शेजारच्या पलंगावर मांडी घालून बसलेत. चौकड्यांची लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी. हाताला एकही नळी नाही.

"मामा, तुम्ही तर..."

"व्हय," ते म्हणतात. "ऊठ. वजन करायचं ऱ्हायलंय."

ती उठते. नळी तुटत नाही, तिच्यामागून लांबत येते. दाराजवळचा काटा आज लोखंडी पत्र्याचा आहे, मार्केट यार्डातला. भोवती छतापासून हिरवे घड लोंबतायत आणि केळी पिकतानाचा गोड, जड वास नाकात बसतो. ती पत्र्यावर चढते. काटा इकडे जातो, तिकडे जातो, थांबत नाही.

"पाणी वाढलंय तुझं."

"नाही हो."

मामा काट्याकडे बघत राहतात.

"मामा, ईदला तुम्ही काय खाल्लंत?"

ते वळतात आणि घडांमधून चालू लागतात. ती मागे धावते. नळी कशाला तरी अडकते, ती ओढून सोडवते, पुन्हा धावते. मांडवात पंगत बसलीय. दवाखान्यातली सगळी माणसं आहेत, प्रत्येकाच्या हाताला नळी, प्रत्येकापुढे केळीचं पान. मामा बादली घेऊन वाढतायत. त्रिशलाचं पान कोरडं आहे. तिच्यापुढे फक्त पाण्याचा पेला. ती तो उचलून तोंडाला लावते. पितेय, पितेय, पण पेला रिता होत नाही आणि तहानही भागत नाही. पावलं सुजत चाललीत. जोडवी बोटांत रुततात.

"मामा!" ती पेला आपटते. "सांगा की! शीरखुर्मा प्यालात? केळं खाल्लंत?"

मामा बादली खाली ठेवतात.

"खाल्लं असतं तर तुला बरं वाटलं असतं का?"

वाटलं असतं. मामांनी खाल्लं असतं तर त्यांच्या मरणाला कारण मिळालं असतं, आणि तिने नाही खाल्लं तर तिला मरण येणार नाही असं धरून चालता आलं असतं.

"न्हाई खाल्लं," मामा म्हणतात. "पातेलं समोर होतं. वास घेतला, सुनेला म्हटलं, झाक."

"मग गेलात कसे?"

"गेलो."

"मग कशाला सांभाळलंत इतकी वर्षं? तोंडाला चव नाही, पाणी मोजून, भाजी उकडून उकडून तिचा चोथा. कशाला?" ती ओरडतेय. पंगतीतलं कुणी मान वर करत नाही.

मामा तिच्यासमोर बसतात. खाली तिच्याच स्वयंपाकघरातली फरशी आहे, वर ओटा, गॅसवर उकडत ठेवलेला दुधी.

"धाकटीचं लगीन झालं," ते सावकाश म्हणतात. "तिची पोरं या मांडीवर खेळली. वखारीचं कुलूप रोज माझ्या हातानं उघडलं. तेवढं पथ्य पुरलं."

"एवढंच?"

"कमी वाटतंय तुला?"

ते रागाने विचारत नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचंय. त्रिशलाचे पाय पुन्हा वळवळू लागतात.

"मला फार तहान लागलीय, मामा."

"मलाबी लागायची."

मग मामा एक कच्चा घड पुढे ओढतात, विळा घेतात. "ही फणी धर. घट्ट."

"आता कुणासाठी?"

"गिऱ्हाईक आलंय बघ," ते म्हणतात आणि देठावर विळा चालवतात.

"काकू... अहो काकू, जाग्या आहात का?"

त्रिशला पदर बाजूला करते. शेजारच्या पलंगावर एक तरणी मुलगी झोपलीय, नळ्या नुकत्या लावलेल्या, डोळे भेदरलेले. पायथ्याशी तिचा नवरा उभा आहे. हातात पिशवी.

"हिचा आज पहिलाच दिवस," तो दबक्या आवाजात म्हणतो. "सकाळपासून पोटात काही नाही हो. केळी आणलीत. एक भरवू का? पचायला हलकं असतं ना?"

तो बोलता बोलता साल सोलायला लागलेला असतो.

"नको!" त्रिशला इतक्या मोठ्याने ओरडते की सिस्टर वळून बघते. "ठेवा ते आधी खाली. आपल्यासारख्यांना केळं चालत नाही. अजिबात नाही."

तो गोंधळून केळं पिशवीत टाकतो. मुलगीच विचारते, "मग काय चालतं?"

"चालतं गं, पुष्कळ चालतं. सांगते सगळं. रडू नको, आधी ऐक."

हाताने खूण करायला जाते तेव्हा त्रिशलाच्या लक्षात येतं, उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलीत. ती ओढून सोडवते. मधे बारीक तार ताणली जाते. नकळत ती बोटं पदराला पुसते, आणि पांढऱ्या पदरावर डाग उमटतो. कच्च्या केळीचा चीक, अजून ओला, कडेने काळा पडत चाललेला.