वॉल्वला वाहिलेलं कुंकू

ब्रेकच्या वॉल्वमध्ये कुंकू मीच टाकलं.

दुष्काळात ऊस गेला, तेव्हा आमच्या सहकारी सोसायटीनं सुटे भाग जोडून गाड्यांच्या ब्रेकचे वॉल्व बनवायचं काम काढलं. गाडीत ओझं किती आहे त्यावर मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारी ही वस्तू. मला तिच्यातलं एवढंच कळत होतं, म्हणून चेअरमन मी झालो. पहिला वॉल्व पाण्याच्या टँकरला बसणार होता. पूजेत मी त्याला वरून हळदकुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात चिमूटभर त्याच्या भोकातही सोडलं. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टँकरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दिवसभर पाणी वाहणारा माणूस, पण स्वतःचे हात मातीनं घासून सदऱ्याला पुसायचा. त्यानं वॉल्व उचलला, नारळासारखा कानाशी हलवला आणि तळहातावर पालथा आपटला. तळहात लाल झाला.

"साहेब, भरला टँकर घिऊन घाट उतरायचाय मला. ह्ये काय हाय?"

"अरे, आत देव बसलाय. बिनघोर जा."

"मंग तुमी बी बसा की शेजारी."

"मला मीटिंग आहे," मी म्हणालो.

टँकरचा जुना वॉल्व अजून जागेवरच होता. त्यानं नवा माझ्या हातात ठेवला आणि केबिनमध्ये चढता चढता म्हणाला, "ह्यो तुमच्या सोसायटीलाच बसवा. ती कुठं चालतीय, ब्रेक फेल व्हायला."