मंगलच्या मापाचा दोरा

सगळ्यात आधी ताराक्कांचं नाव लिहितो. काय झालं, कसं झालं ते पुढं येईलच; पण आई गेली त्या सकाळी तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजणारी बाई आमच्या रक्ताची नव्हती, भिंतीपलीकडच्या घरातली होती, हे आधी कागदावर आलं पाहिजे. मी सातवी शिकलेला माणूस. पेपरासाठी लिहायची सवय नाही, नीट मांडता येईल का याची सारखी धाकधूक आहे. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

मी सेलमला होतो. आमच्या विटा-तासगावकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. सोनाराकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे ते काम. चाळीस वर्षं मी तेच करतोय. सकाळी भट्टी पेटवत होतो तेव्हा बहिणीचा, मंगलचा फोन आला. "दादा, आई गेली…" मी विचारलं, "जवळ कोण होतं?" "ताराक्का." आणि मी, पोटचा पोरगा, काय बोलावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "काय पाजलं त्यांनी?"

मंगलनं फोन ठेवला. मी भट्टी विझवली. सेलमपासून सांगलीपर्यंतच्या प्रवासात रडू आलं नाही, तो प्रश्न तेवढा डोक्यात घोळत राहिला. आई गेली होती, पण तिचा संशय माझ्या जिभेवर जिवंत होता.

आई संशयी होती. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण दुसरं काही लिहिलं तर तीच म्हणेल, "कुणी शिकिवलं रं तुला खोटं लिवायला?" तिचं माहेर पाटणकडचं, कोयनानगरच्या अलीकडचं. कोयनेच्या भूकंपात ते घर आडवं झालं, आणि तेव्हापासून तिनं जमिनीवरसुद्धा विश्वास टाकला नाही. आमच्या घरात फळीवर एका तांब्यावर दुसरा तांब्या उपडा ठेवलेला असे… जरा हललं तर वाजावं म्हणून. त्याही आधी, माझ्या जन्माआधी, तिचा पहिला मुलगा गेला होता, आठ महिन्यांचा. कुणीतरी बाई त्याला बघून "लय गुटगुटीत हाय गं" म्हणाली आणि आठवड्यात तापानं तो गेला. ती बाई कोण, हे आईनं कधीच सांगितलं नाही. मला वाटतं, तिलाही नक्की आठवत नसावं; म्हणूनच तिला सगळ्याच बायकांचा संशय येत असावा.

आमचं लहानपण बहात्तरच्या दुष्काळाच्या मागच्या-पुढच्या सालातलं. वडील गलाईसाठी वरंगळला, दिवाळीला यायचे. घरात आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान मंगल. इतरांच्या घरी पोराला दात आला की शेजारणींना बोलावून दाखवतात. आमच्याकडं आई पोराचं तोंड पदरानं झाकायची. मंगल पहिल्यांदा चालली तेव्हा मी ओरडलो, "आई, मंगी चालली!" आईनं धावत येऊन आधी दाराला कडी घातली आणि मग तिला पुन्हा चालवलं. मंगल दोन पावलं टाकायची, आई बसल्या बसल्या मागं सरकायची, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात खुपसून हसायची… आमच्या घरातला सगळ्यात मोठा आनंद असा कडी लावून झाला. शाळेत नाव घालायला गेलो तर गुरुजींनी माझी जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, "ती कशापायी पायजे तुमाला?" "दाखल्यावर लिहायला लागते, बाई." "मग तुमचीच लिवा की!" गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि एक जून लिहून टाकलं. आजही माझ्या सगळ्या कागदांवर तोच एक जून आहे. माझी खरी जन्मतारीख आईबरोबर गेली.

देवी टोचायला नर्सबाई आल्या तेव्हा आईनं आम्हा दोघांना कडब्याच्या गंजीमागं दडवलं होतं. बाईंनी तरी हुडकून काढलं. आई आडवी झाली, "माज्या लेकराच्या अंगात काय घालतीस, ते आदी तुज्या अंगात घाल." नर्सबाई चिडल्या नाहीत. दंडावरची बाही वर करून त्यांनी जुने वण दाखवले. आईनं ते अंगठ्यानं घासून बघितले, खरे आहेत ना म्हणून, आणि मग स्वतः माझा हात धरून पुढं केला. शाळेत दुष्काळाची सुकडी मिळायची, ती मी घरी आणायची असा तिचा दंडक. आधी ती घासभर खायची, भिंतीला टेकून वाट बघत बसायची, काही होत नाही असं पटलं की मग उरलेली आमच्यापुढं. लहानपणी मला ती हावरट वाटायची. ती आमच्या आधी मरून बघत होती, हे कळायला मला स्वतःची पोरं व्हावी लागली.

पाडव्याला, आंघोळ झाली की ती आमचं माप घ्यायची. पाचपदरी सूत वळून हळदीत भिजवायचं, पोराला भिंतीशी ताठ उभं करायचं आणि टाळूपासून टाचेपर्यंत दोरा धरून दोन्ही टोकांना गाठ मारायची. गेल्या वर्षीचा दोरा शेजारी धरून किती वाढलो ते बोटानं दाखवायची. तोंडानं बोलायचं नाही. मग दोरे पावडरच्या डब्यात, डबा उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यात, वर मटकी. ह्या चालीनं पोरं वाढीला लागतात, असं तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. पण दोरा परक्याच्या हाती लागला आणि कुणी तो कापला, तर पोराचं आयुष्यही तिथंच तुटतं… हेही तिनंच आम्हाला सांगून ठेवलं होतं.

मी सात वर्षांचा होतो. बाजारातून भोवरा मिळाला होता, पण फिरवायला दोरी नव्हती. आई विहिरीवर गेलेली. मी डबा काढला. भोवऱ्याला माझा दोरा बरा पडला असता, तो लांब होता. पण माझा घेतला आणि तुटला तर मी मरेन, या भीतीनं मी मंगलचा घेतला. पन्नास वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय.

त्याच दुपारी ताराक्का विरजण मागायला आल्या. जैन शेतकऱ्याचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणारी, मुंगी दिसली तर पाऊल वळवून टाकणारी बाई. "आई कुटं हाय रं संपा?" म्हणत त्या आत आल्या, चमचाभर दही वाटीत घेतलं, "आईला सांग हं," म्हणून गेल्या.

तीन दिवसांनी मंगलला जुलाब सुरू झाले. ओकारी, ताप, डोळे आत गेले. आई अंगारा लावून दोऱ्याला हात लावायला गेली, तर डब्यात नुसते माझे दोरे, मंगलचा एकुलता दोरा नव्हता. तिचा चेहरा मातीसारखा झाला. "घरात कोण आलं हुतं?" मी म्हणालो, "ताराक्का." खोटं नव्हतं ते. पण तेवढंच खरं मी सांगितलं.

आई तशीच मंगलला खांद्यावर टाकून गल्लीत उभी राहिली. "आक्का, भाईर या! माज्या पोरीचा दोरा कुटं हाय?" बायका जमल्या. ताराक्का हात पुसत दारात आल्या. त्यांनी आईकडं बघितलं, मंगलकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. माझी मूठ चड्डीच्या खिशात भोवऱ्यावर आवळलेली, खिशाबाहेर हळदीच्या दोरीचं टोक लोंबत होतं. मला वाटलं, आता ह्या बोलणार. त्या म्हणाल्या, "हौसाबाय, दोऱ्याचं मागनं बगू. पोरगीला सांगलीला न्ये आदी. यष्टी निगाली आसंल."

आणि त्याच आमच्या पुढं धावत गेल्या. गाडी फाट्यावरून सुटली होती. ताराक्का रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हर शिव्या देत होता, त्या हलल्या नाहीत, आम्ही तिघं चढेपर्यंत. सांगलीच्या दवाखान्यात मंगलला सहा दिवस सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती. आईनं ते ऐकलं आणि घरी आल्यावर म्हणाली, "गाडी आडवायला कशी पळाली बगितलंस? काय हुणार त्ये तिला आदीच ठावं हुतं." दोरी मी विहिरीत टाकून दिली होती. मंगल बरी झाली तेव्हा आई म्हणाली, "मी गल्लीत वरडले, म्हून भ्याली आन् सोडून दिलं तिनं." आईच्या संशयाला मागं फिरायची वाटच नव्हती, जे घडेल ते त्याच्यातच जाऊन बसायचं. आणि मी रोज आज सांगू, उद्या सांगू करत मोठा होत गेलो.

त्यानंतर दर संक्रांतीला ताराक्का आमच्यासाठी तिळगूळ पाठवायच्या. आई तो परसात मुंग्यांपुढं ठेवायची आणि मुंग्या मरतात का बघत बसायची. मुंग्या खुशाल खाऊन जायच्या. "मुंग्यास्नी लागू न्हाई हुत त्ये," आई म्हणायची. मी एकदा त्यातला तुकडा चोरून तोंडात टाकला होता. गोड लागायच्या आधी रडू आलं.

सातवीनंतर शाळा सुटली, वडिलांच्या ओळखीनं सेलमला निघालो. निघायच्या सकाळी पाडवा नसताना आईनं माझं माप घेतलं. तिचा हात टाळूपर्यंत पोचत नव्हता, मला वाकावं लागलं. "जन्मवार कुणाला सांगू नगंस. ताटात काय वाडत्यात बगून खा. आन् कुणी लय ग्वाड बोललं तर उटून ये." एवढंच. परक्या मुलखात, परक्या बोलीत ही शिदोरी मला उपयोगी पडली, हे खरं. पण आजही कुणी प्रेमानं चहा पुढं केला तर मी आधी वास घेतो… बायको हसते.

तेराव्यानंतर ताराक्का भिंतीला टेकून आमच्या सोप्यात बसल्या होत्या. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनीच सांगितलं, वडील गेल्यावर आई एकटी पडली, मागच्या दोन वर्षांत तिला चूल होईना, तेव्हा त्या ताट घेऊन यायला लागल्या. आई म्हणायची, "आदी तुमी खावा." त्या खायच्या, आई थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत थांबायची, मग स्वतः खायची. "पुढं पुढं थांबायची न्हाई. एकाच ताटात जेवलो बग आमी दोगी, दोन वरसं. पन पयला घास माजाच!" ताराक्का हसल्या. पाजलेल्या पाण्याचं मी विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "त्या सकाळी पानी बी आदी मी प्याले. तिला दिसत नव्हतं, तरी प्याले. सवय रं."

मला बसवेना. मी म्हणालो, "आक्का, मंगीचा दोरा मी घेतला होता. भोवऱ्याला."

"ठावं हाय की. खिशातनं लोंबत हुता."

"मग बोलला का नाही? तिनं मला मारलं असतं, एवढंच ना?"

"माराचं काय घिऊन बसलास… पोरगी ऱ्हाती का जाती, ठावं नव्हतं. गेली आसती, तर तुज्या आईनं तुज्याकडं जनमभर कसं बगितलं आसतं? माज्याकडं बगितलं, चाललं. मी शेजारीन."

"आणि मंगी बरी झाल्यावर?"

"तवा म्हनलं, तू सांगशील."

मी उठून पावडरचा डबा काढला, अजून तिसऱ्याच मडक्यात होता. आत माझे दोरे, मंगलचे नंतरचे दोरे, आणि एक वेगळा, नवाकोरा, बाईमाणसाच्या उंचीचा. "ह्यो माजा," ताराक्का म्हणाल्या. गेल्या साली त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी आई काठी टेकत त्यांच्या दारात गेली, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "हुब्या ऱ्हावा," म्हणाली. टाळूपासून टाचेपर्यंत माप घेतलं, गाठी मारल्या आणि न बोलता परत आली. "मला वाटलं, आता माज्यावरच करती का काय करनी!" ताराक्का डोळे पुसत हसत होत्या.

आईनं त्यांना आपल्यात घेतलं, की शेवटपर्यंत एक दोरी हाताशी असावी म्हणून तो ठेवला? ताराक्कांना शंका नाही. मला आहे, मी तिचाच मुलगा. पण तो दोरा तिनं आमच्या दोऱ्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवला होता, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

सेलमला परतताना तो डबा मी ताराक्कांच्या हातात दिला. आमची सगळ्यांची मापं, माझ्यासकट. देण्याआधी एकदा मागं घेतला, खोटं सांगत नाही. त्यांनी डबा पदराखाली धरला, आईसारखाच.

ताराक्का, हा कागद तुम्हाला कुणी वाचून दाखवेल की नाही, ठाऊक नाही. पण पेपरात लिहिलं म्हणजे फिटलं, असं मी समजत नाही. ज्या गल्लीत तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात, त्याच गल्लीत, चार बायकांच्या देखत, भोवऱ्याची गोष्ट मी माझ्या तोंडानं सांगेन. येत्या संक्रांतीला सुट्टी मिळाली तर तेव्हा, नाहीतर पुढच्या. आणि मग तुमच्या उंबऱ्यात बसून तिळगूळ मागून खाईन. वास न घेता.