बद्रीला ठेवून आलेली घागर

आमच्या रिसोडकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होईपर्यंत घरातली बाई आंबा तोंडात घालत नाही. आधी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर आंबा ठेवायचा, रस-कुरडईचं पान वाढायचं, मग आपण जेवायचं. माझ्या नवऱ्याच्या नावाची घागर मी सात वर्षं भरली. सातवी भरली त्यानंतर पंधरवड्यानं सासू मला घेऊन केदार-बद्रीला निघाली.

बेत सगळा तिचाच. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कामातून गेलेले. मी म्हटलं, "आत्याबाई, घराची पायरी चढाले तुमाले माणूस लागते, अन् निंगाल्या हिमालय चढाले!"

"तू फक्त संगं चाल. तोंड नको चालवू."

यात्रेची बस गावातल्याच लोकांची होती, स्वयंपाकी सोबत. शेतातल्या वांग्याला पाणी द्यायचं काम शेजाऱ्यांवर सोपवलं आणि मी निघाले. म्हातारीला पुण्य कमवायचंय तर कमवू दे, एवढाच माझा विचार. बद्रीला तिचं नेमकं काय काम आहे ते तिनं सांगितलं नाही, आणि मी शहाणीनं विचारलं नाही.

गौरीकुंडाला तिनं खेचराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे मले दरीत टाकते." मग पाठीवरच्या टोपलीत माणूस वाहून नेणारा एक नेपाळी बाप्या ठरवला. टोपलीत बसल्यावर तिला हसू फुटलं. "जल्मभर भाजीचं टोपलं म्या वाह्यलं, आता मीच टोपल्यात!" पण अर्ध्या कोसावर त्याचा श्वास ऐकून तिचं हसणं बंद झालं. दर वळणावर ती त्याला थांबवायची. "पानी पी, बाबा. पह्यले पानी पी." तो प्यायल्याशिवाय ती पुढे निघू देईना. मी मागून चालत होते. ते ऐकलं की दरवेळी मी नजर दरीकडे वळवायचे.

केदारनाथाचं देऊळ दिसलं तेव्हा खरं सांगते, मला भक्ती आली नाही, भीती वाटली. आमच्याकडे मान वर केली की आभाळ दिसतं. इथं मान कितीही वर करा, जमीनच, तीही पांढरी. आत त्या दगडाला लोक तूप चोळत होते. सासूनंही चोळलं, लेकराच्या पाठीला तेल लावावं तसं, सावकाश. मागचे लोक खेकसले तरी तिनं हात आवरला नाही.

बद्रीला दर्शन झालं. गरम कुंडात आंघोळ आधीच झाली होती, अंग हलकं वाटत होतं. मी बसकडे वळले तर तिनं माझा हात धरला आणि खाली नदीकाठच्या दगडी ओट्यावर नेलं. ब्रह्मकपाल म्हणतात त्याला. तिथं पिंड देणारे बसले होते. पंड्यानं विचारलं, "बेटा नहीं है?"

"त्याले एकच पोरगी हाय, सासरी दिली. हे सून हाय, हेच करीन," सासू म्हणाली.

पंड्यानं मान हलवली. भाताचे गोळे करता करता तो म्हणाला, "माताजी, यहाँ हो गया तो फिर घर पर कुछ करना नहीं पड़ता. आत्मा मुक्त."

"म्हंजे घागरबी नाही?" मी विचारलं.

"कुछ नहीं."

माझं डोकं फिरलं. चार माणसांत मी सासूवर ओरडले. "ह्याच्यासाठी आणलं काय मले? इचारलं काहून नाही? घागर मी भरतो, तुमाले काय तरास होते?"

ती म्हणाली, "सात साल झाले. दर आखाजीले तू तेच पाणी घेऊन धावतं. मी पाह्यतो ना."

तेच पाणी. ते मी कोणाजवळ बोलले नव्हते. वैशाखातलं ऊन होतं, आम्ही दोघं नवरा-बायको वांगी तोडत होतो. ते बांधावर बसले आणि म्हणाले, पाणी आण. मी म्हटलं, टोपलं होऊ द्या, आणते. टोपलं भरलं, मग विहिरीवर गेले, तांब्या घेऊन आले, तर ते आडवे झालेले. लोकांना मी सांगितलं की पाणी आणायला गेले आणि मागं असं झालं. टोपल्याचं सांगितलं नाही.

त्या ओट्यावर सांगितलं. "आत्याबाई, मी लगेच नाही उठली. टोपलं भरत बसली होती."

"मालूम हाय."

"कसं काय?"

"टोपलं भरेल होतं वं. म्या पाह्यलं होतं त्या दिवशी." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बस झालं आता. त्याले सोड, तूबी सूट."

सात वर्षं ही बाई माझ्या हातचं जेवली आणि एका शब्दानं बोलली नाही. मी पिंड ठेवले. पंड्यानं ओंजळीनं पाणी सोडायला सांगितलं. अलकनंदेच्या पाण्यानं बोटं बधिर झाली. मी मोठ्यानं म्हणाले, "घ्या, पाणी आणलं," आणि रडले, हमसून रडले. सासूनं तिथंच मला शपथ घातली, घरी आता घागर भरायची नाही.

यंदाच्या आखाजीला घरी बसवेना म्हणून मी पहाटेच वांगी घेऊन बाजाराला गेले. रिसोडात जिकडे पाहावं तिकडे घागरींचे ढीग. नाही नाही म्हणत एक घेतलीच. वाटलं, गुपचूप शेतात ठेवू, म्हातारीला कळायचं नाही.

उरलेली वांगी ठेवायला घरी आले, तर मागच्या अंगणात शेवग्याखाली सासू बसलेली. पुढ्यात भरलेली घागर, तिच्यावर आंबा. मला पाहून तिनं पदर पसरून ती झाकायला पाहिलं.

"पंडा काय म्हणला होता?" मी विचारलं.

"त्याचं काय जाते सांगाले? त्याचं लेकरू थोडीच होतं ते." मग तिची नजर माझ्या टोपल्यात वांग्यांवर ठेवलेल्या घागरीवर गेली. तिनं पदर आवरला.

"रिकामीच आणली काय वं?" ती म्हणाली. "जाय, भरून आन. तहानलेला गेला तो."

मी घागर उचलली आणि टोपलं तिथंच टाकलं. वांगी अंगणभर झाली. मी आधी पाणी आणलं.