नंबर वाटणाऱ्याची खुर्ची

आता काय सांगू तुम्हाला! लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी तो आधी कागदावर आखला, साहेबांची सही घेतली आणि मग पाडला!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साजगावच्या एका कारखान्यात मी कम्प्युटर सांभाळायला होतो. बारा कम्प्युटर एका केबलला जोडलेले. प्रत्येकाला वेगळा नंबर लागायचा. दोघांना एकच नंबर पडला की दोघंही मुके! म्हणून रोज सकाळी प्रत्येक खात्याचा माणूस माझ्याकडे यायचा आणि मी वहीत बघून नंबर द्यायचो.

पळसदरीला भाड्याची खोली, एकटा जीव. दिवसभरातलं माझं बोलणं काय ते या नंबर मागणाऱ्यांशी. त्यांच्यासाठी टेबलासमोर खास एक खुर्ची ठेवली होती. कडावचे बाळारामदादा, आमचे स्टोअरकीपर, तिच्यात एकदा बसले की उठायचे नाहीत.

"साहेब, आज कितवा नंबर आमचा?"

"सात. लावणी आटपली का?"

"कुटली वो! दोन खाचरं हायेत अजून. चा मागवा."

सुखाचे दिवस होते; पण हुशारी गप्प बसू देईल तर ना! मनात आलं, हे नंबर मशीननेच वाटले तर? तीन महिने खपलो. कम्प्युटर चालू केला की आपोआप नंबर मिळणार. वाटणारं मशीन बंद पडलं, तर शेजारचं दुसरं वाटणार. दोन्ही बंद पडली, तर प्रत्येकाने कालचाच नंबर वापरायचा. साहेबांनी पाठ थोपटली.

आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कुणी आलंच नाही.

सवयीने दोन चहा मागवायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटायचं.

मग मला अवदसा आठवली. म्हटलं, बिघाड झाला की येतील धावत! एका सकाळी नंबर वाटणारं मशीन गुपचूप बंद केलं आणि केस विंचरून बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी नाही! दुसरं मशीन इमानेइतबारे नंबर वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तेही बंद केलं. तरी शुकशुकाट. सगळीकडे कालचाच नंबर मजेत चालू. शिव्या कुणाला घालणार? रचना माझीच!

तिसऱ्या दिवशी रागावून मीच घरी बसलो. चांगले चार दिवस. कुणीतरी चौकशीला येईल म्हणून दार उघडं ठेवलं होतं. एक मांजर तेवढं आलं.

चार दिवसांनी कामावर गेलो, तर साक्षात बाळारामदादा आत! मला भरूनच आलं हो.

"या दादा, या! मशीन बंद पडलं ना?"

"नाय वो, एकदम बेस चाललंय! ही खुर्ची न्याला आलोय. आमच्याकडं कमी पडते."

"आणि मी चार दिवस नव्हतो, त्याचं काय?"

"नव्हता? कवा?"

दादा खुर्ची उचलून दारापर्यंत गेले आणि कौतुकाने मागे वळले. "पन साहेब, काम भारी केलंत. कोन नसलं तरी काय अडत नाय!"

खरंच होतं. कुठलं मशीन बंद पडलं तर काय करायचं, ते मी सगळं आखून ठेवलं होतं. मी बंद पडलो तर कुणी विचारायला यायचं, एवढंच लिहायचं राहून गेलं!