अर्धं शटर

परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्याचं टायपिंगचं दुकान होतं. आधी तिथं त्याच्या घरचा किराणा होता, त्यामुळे कॉम्प्युटर आला तरी वळण किराण्याचंच राहिलं. सकाळी उदबत्ती ओवाळून तो पडद्यावर एकेक टूलबार, बटणांची पट्टी, आणून लावायचा. "माल मांडून राह्यलो भाऊ, बसा," म्हणायचा. संध्याकाळी सगळे परत लपवायचा. बटणं रातभर उघडी राहिली तर खराब होतात, असं त्याचं ठाम मत होतं.

माझे वडील मोंढ्यातले जुने आडते. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मोंढा बंद होता. दहाव्याची पत्रं दुपारच्या गाडीनं धाडायची होती. मला बघून त्यानं दार उघडलं, मजकूर टाइप केला आणि हात जोडून बसला. पडद्यावर एकही टूलबार नव्हता, वरचा मेनूही नव्हता.

"काका गेले. आज बंद हाय."

"अहो, पण पत्र त्यांचंच आहे."

"म्हणून तर. त्यांच्याच दुखवट्याला माल मांडू व्हय?"

छापायचं बटण टूलबारवर होतं आणि दुसरी वाट त्याला ठाऊक नव्हती. रडावं की हसावं, मला कळेना. मग तो म्हणाला, "अर्धं शटर करतो. बंदमधी औषधवाले करतेत तसं."

त्यानं एकच टूलबार काढला, त्यावरची बटणं ओढून ओढून खाली टाकली आणि फक्त छापायचं ठेवलं. माऊस दाबताना त्यानं मान खाली घातली, अर्ध्या शटरखालून आत शिरताना घालतात तशी.

शेजारी बसलेला मीही वाकलो.